डिझेल कोठे जाते?

मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागांची गावे आहेत. कापडाच्या गाठी भरून महामार्गाने धावणारे पिकअप तुम्ही पाहिले असतील. गाडी तीच, रस्ता तोच आणि मालही तेवढाच. तरी एका चालकाला डिझेल कमी लागते आणि दुसऱ्याला जास्त लागते. हे जास्तीचे डिझेल कोठे जाते?

समोरून वारा आला, की सायकल चालवणे किती जड जाते, हे तुम्हांला माहीत आहे. वारा नसतानाही सायकल जोरात चालवली, तर हवा तोंडावर येते. हवा डोळ्यांना दिसत नाही. पण धावणाऱ्या प्रत्येक वस्तूला ती अडवते. याला हवेचा विरोध म्हणतात.

या विरोधाचा एक नियम आहे. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा पिकअप ताशी ८० किलोमीटर वेगाने धावू लागला, की हवा त्याला चौपट जोराने अडवते. हा विरोध मोडून पुढे जाण्यासाठी इंजिनाला जास्त डिझेल जाळावे लागते. साधी मोटार बुटकी आणि गोलसर असते. पिकअप मात्र उंच असतो. त्यावर गाठींचा ढीग आणि फडफडणारी ताडपत्री असते. म्हणून त्याला हवा अधिकच अडवते.

आता थोडा हिशेब करू. मालेगाव ते भिवंडी हे अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. समजा, एक पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने गेला आणि एका लिटरमध्ये १५ किलोमीटर चालला. त्याला चार तास आणि १६ लिटर डिझेल लागेल. तोच पिकअप ताशी ८० किलोमीटर वेगाने गेला आणि लिटरमागे १२ किलोमीटरच चालला, तर तीन तास आणि २० लिटर डिझेल लागेल. म्हणजे एक तास वाचला. पण चार लिटर डिझेल जास्त गेले. शिवाय घाट, गर्दी आणि टोलनाके यांमुळे तो एक तासही पूर्ण वाचत नाही.

मग गाडी अगदी हळू चालवावी का? नाही. खालच्या गिअरमध्ये रखडत जाणारी गाडीही डिझेल वाया घालवते. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले, तर डिझेल जळते आणि गाडी एक पाऊलही पुढे जात नाही. ‘अति तेथे माती’ असे म्हणतात, ते येथेही खरे आहे. पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ या संस्थेने ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालवण्याचा सल्ला दिला आहे.

वेग एकसारखा ठेवणेही महत्त्वाचे आहे. डिझेल जाळून मिळवलेला वेग ब्रेक दाबताच उष्णता होऊन निघून जातो. मग तोच वेग पुन्हा विकत घ्यावा लागतो.

काही चालक कसारा घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करतात. असे कधीही करू नये. इंजिन बंद झाले, की ब्रेकला मिळणारी मदत थांबते आणि ब्रेक जड होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावी. मग इंजिनच गाडीला आवरून धरते.

मित्रांनो, चौपटीचा नियम ब्रेकलाही लागू आहे. वेग दुप्पट असेल, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यासाठी चौपट अंतर लागते. अचानक एखादे मूल रस्त्यात आले, तर हेच अंतर त्याचा जीव वाचवते किंवा घेते. आपल्या देशाला लागणारे बहुतेक खनिज तेल परदेशांतून विकत घ्यावे लागते. म्हणून बेताच्या वेगाने पैसा वाचतो, देशाचे तेल वाचते आणि माणसेही वाचतात. तुमच्या घरी कोणी गाडी चालवत असेल, तर हा हिशेब त्यांना जरूर करून दाखवा.

स्वाध्याय

१. हवेचा विरोध म्हणजे काय?
२. पिकअपला हवा अधिक का अडवते?
३. घाट उतरताना इंजिन बंद का करू नये?