भाताच्या मुळाशी राहणारे मिथेनखाऊ

1977 साली ‘आल्विन’ पाणबुडीतून संशोधक गॅलापागोस बेटांजवळ अडीच किलोमीटर खोल उतरले आणि तिथे त्यांना गरम पाण्याचे झरे दिसले. गडद अंधारातही झऱ्यांभोवती नळीकृमी आणि शिंपले दाटीवाटीने राहत होते. हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जिवाणू त्यांना पोसत होते. पुढे अशाच खोल पाण्यातल्या काही शिंपल्यांच्या कल्ल्यांत मिथेन खाणारे जिवाणूही सापडले. डिसेंबर 2024 मध्ये गोवा आणि चेन्नईच्या भारतीय संशोधकांनी हिंदी महासागरात 4,500 मीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याची छायाचित्रं टिपली. या बातम्या मी अधाशासारख्या वाचतो, पण माझा जीव खरा अडकला आहे तो मिथेनखाऊंत. त्यांना भेटायला समुद्रतळ गाठावा लागत नाही, मावळातलं भाताचं खाचर पुरतं.

लावणी उरकल्यावर कामशेतहून पवनानगरच्या बाजूला जावं. इंद्रायणी तांदळाचं हे माहेर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानेच तो वाण दिला. भरल्या खाचरात पाय रोवला की बुडबुडे वर येतात. मी ते न्याहाळत बसलो होतो, तेव्हा बांधावरच्या एक काकू म्हणाल्या, “चिखल कुजला की व्हतंच असं, भाऊ.” अगदी खरं. हे बुडबुडे मिथेनचे. 1776 मध्ये व्होल्टा या शास्त्रज्ञाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या चिखलातून हाच ज्वालाग्राही वायू गोळा केला होता.

पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन उरत नाही, तेव्हा मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं. भाताच्या रोपात मात्र पोकळ नळ्या असतात, त्यांतून हवा मुळापर्यंत उतरते. मुळाच्या त्या पातळ सीमेवर खालून मिथेन येतो, वरून ऑक्सिजन, आणि नेमके तिथेच मिथेनखाऊ ठाण मांडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा हा वायू हवेत सुटण्याआधीच ते त्यातला बराच फस्त करतात. म्हणून मी त्यांना शेताचे पहारेकरी मानतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे केले. पद्धत ऐकायला सोपी आहे. मुळाजवळची माती क्षारांच्या पाण्यात घालायची, बाटलीला रबरी बूच लावायचं, आत हवा आणि मिथेन भरायचा. ते पाणी पुन्हापुन्हा विरळ करत न्यायचं आणि वाट पाहायची. साखर नाही, मांसरस नाही. खायला फक्त वायू. अडचण अशी, की मिथेनखाऊंच्या उष्ट्यावर जगणारे सोबती चिकटून येतात. त्यांना दूर करण्यात महिने जातात. एवढ्या खटपटीतून 2018 मध्ये एका नव्या प्रजातीचं वर्णन छापून आलं: मेथिलोक्युक्युमिस ओरायझी. रंग फिकट गुलाबी, पेशी मोठ्या आणि काकडीसारख्या लांबट. त्या वर्णनात नावाआधी ‘कँडिडेटस’ हा शब्द आहे, म्हणजे नाव तेव्हा तात्पुरतंच होतं. पक्क्या नावासाठी जिवंत नमुना दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, आणि असे नाजूक जीव संग्रहात टिकवणं फार कठीण.

म्हणूनच लोणावळ्याच्या वाटेवर खाचरं बुजवून बंगल्यांचे प्लॉट पडताना पाहून मला कळवळून येतं. खाचर बुजलं की तांदूळ जातो हे सगळ्यांना दिसतं. त्यासोबत कुणी कधी न पाहिलेले जिवाणूही जातात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या महाविद्यालयांनी दर श्रावणात मुलांना मावळात आणावं, शेतकऱ्याला विचारून मुळाजवळची चिमूटभर माती घ्यायला शिकवावं. नव्या प्रजाती शोधायला पाणबुडी नसली तरी चालेल. पाणी भरलेलं खाचर मात्र शिल्लक राहायला हवं.