नगरसेवकाविरुद्ध तक्रार कुठे करायची?

फोन उचलत नाही, वॉर्डात फिरकत नाही, एवढ्यावर कुणाचे पद जात नाही. कायद्याला ठोस कृत्य दाखवावे लागते. बेकायदा बांधकाम हे त्यातले सर्वांत स्पष्ट. स्वतः केले, जोडीदाराने केले किंवा पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला अडवले, तरी नगरसेवक अपात्र ठरू शकतो.

नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातील कलम 44 लक्षात ठेवा. या कलमाखाली कुणीही नागरिक थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. हा हक्क फार मोलाचा आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. महानगरपालिकेला 1949 चा अधिनियम लागू होतो, मुंबईला 1888 चा. तिथे लेखी तक्रार आयुक्तांकडे द्या.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय जागेवरून हलू नका. सोबत फोटो जोडा, त्यामागे तारीख आणि ठिकाण लिहा.

पैसे मागितले असतील तर वाट वेगळी. नगरसेवक लोकसेवक ठरतो, म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा, शक्यतो पैसे देण्यापूर्वीच. म्हणजे विभागाला लाच घेताना पकडण्याचा सापळा रचता येतो. सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावतात. नोटा हाताळलेली बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. नाइलाजाने पैसे दिलेच असतील, तर सात दिवसांत तक्रार करा. तसे केल्यास लाच दिल्याचा ठपका तुमच्यावर येत नाही.