लोगो कासव
लोगो कासव हा संगणकशास्त्राच्या मूलभूत संकल्पना मुलांना शिकवण्यासाठी वापरला जाणारा, चाकांवर चालणारा छोटा यंत्रमानव आहे. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आदींनी १९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंग भाषा विकसित केली. पुढे तिच्या आज्ञांनुसार चालणारे हे कासव तयार झाले. त्याला पेन जोडलेले असल्याने ते चालेल तशी जमिनीवरील कागदावर रेघ उमटते.

‘१०० एकक पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ’ ही आज्ञांची जोडी ४ वेळा दिली की चौरस होतो. ती एकदाच लिहून ‘४ वेळा कर’ असे सांगताना विद्यार्थ्याला पुनरावर्तनाची संकल्पना उमगते.

समभुज त्रिकोणाचा आतील कोन ६० अंशांचा, म्हणून कासवाला ६० अंश वळवले तर त्रिकोणाऐवजी षटकोनाच्या बाजू उमटू लागतात. स्वतः कासवाप्रमाणे चालून पाहिल्यावर वळण १२० अंशांचे हवे, हे मुलाच्या ध्यानात येते. चूक ही कमीपणाची बाब नसून शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, असा विचार पॅपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या ग्रंथात मांडला.