हुकूम एक, तामील अर्धी

मद्याचे व्यसन नसलेल्या 20 रुग्णांच्या यकृताचे सूक्ष्म छेद अट्टल मद्यप्यांच्या यकृताशी हुबेहूब जुळतात, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी 1980 साली नमूद केले, तेव्हा मद्याविना यकृतात मेद साचण्याच्या या व्याधीस धड नावही नव्हते. रुग्णांपैकी बहुतेक स्थूल आणि कित्येक मधुमेही होते, हा त्या दप्तरातील तपशील मात्र पुढे फार मोलाचा ठरला; कारण त्याचा धागा इन्सुलिनपर्यंत पोचत होता.

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हा यकृताच्या नावे सुटलेला हुकूमच होय. त्यात दोन कलमे असतात : रक्तात नवी साखर सोडू नये, आणि आलेल्या जादा साखरेचा मेद करून ठेवावा. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले, की यकृत पहिले कलम धाब्यावर बसवते आणि दुसरे इमानेइतबारे पाळत राहते. साखर चढते म्हणून स्वादुपिंड आणखी हुकूम धाडते, आणि प्रत्येक हुकुमासरशी मेदाची भर पडत जाते. तिकडे पोटावरील चरबीलाही इन्सुलिनचा धाक उरत नाही आणि तिच्यातील मेदाम्ले रक्तात मोकाट सुटतात. 2005 साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा रुग्णांच्या यकृतातील मेदाची झडती घेतली, तेव्हा सुमारे 59 टक्के मेद या रक्तातील मेदाम्लांचा, 26 टक्के यकृताने स्वतः घडवलेला आणि अवघा 15 टक्के थेट आहारातला निघाला. केवळ तूप वर्ज्य करून निश्चिंत होणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा डोळ्यांखालून घालावा.

इन्सुलिनखेरीज इतर संप्रेरकांचाही यात हात असतो. कॉर्टिसॉलचा अतिरेक, वृद्धिसंप्रेरकाची उणीव, रजोनिवृत्तीनंतर ओसरणारे इस्ट्रोजेन, ही सारी यकृताच्या वाईटावरच असतात. पीसीओएस हा बीजकोशांचा संप्रेरकजन्य विकार असलेल्या तरुणीची तपासणी पाळीच्या तक्रारीपाशीच थांबावी, यकृताची विचारपूसही होऊ नये, हे मला तरी गैर वाटते.

थायरॉइडची कथा मात्र निराळी. यकृतातील मेद जाळण्यास तिचे संप्रेरक लागते. पण म्हणून तेच औषधादाखल भरपूर द्यावे, तर हृदयाची धडधड वाढते आणि हाडे झिजतात. यकृतात या संप्रेरकाचा बीटा जातीचा ग्राही (रिसेप्टर) प्रबळ असतो, हृदयात अल्फा. हा भेद हेरून बहुतांशी बीटालाच चेतवणारे रेस्मेटिरॉम घडवले गेले आणि मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, या व्याधीने यकृतात मध्यम ते तीव्र तंतुमयता आलेल्या पण सिरोसिस न झालेल्या प्रौढांसाठी, आहार आणि व्यायामाच्या जोडीने, त्यास परवानगी दिली.