गोळी कुटली की लवकर लागू पडते?

घरात गिळायला त्रास होणारं माणूस असलं की खलबत्ता बाहेर निघतो. आम्लपित्तावरची पँटोप्राझोलची गोळी कुटायची, मधात कालवायची, चाटवायची. ‘पोटात जाऊन फुटणारच आहे, आधीच फोडली तर लवकर गुण येईल.’ औषधाच्या दुकानदारांनी, डॉक्टरांनी कितीदाही बजावलं तरी ही समजूत हलत नाही. ती साफ चुकीची आहे.

गोळीवरचा गुळगुळीत थर कडूपणा झाकायला असतो, हे काही गोळ्यांपुरतं खरं. पँटोप्राझोलवर मात्र आम्लाला दाद न देणाऱ्या पॉलिमरचं आवरण असतं. उपाशीपोटी जठराचा पीएच साधारण 1 ते 3 असतो. तिथे पॉलिमरच्या साखळीवरचे कार्बोक्सिल गट आपला हायड्रोजन सोडत नाहीत आणि आवरण शाबूत राहतं. लहान आतड्यात पीएच साडेपाचच्या वर गेला की ते हायड्रोजन सोडतात, त्यांच्यावर ऋणभार येतो, साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि आवरण विरघळतं. औषधकोशातली चाचणीही याच क्रमाने होते: गोळी आधी 2 तास हायड्रोक्लोरिक आम्लात, मग 6.8 पीएचच्या बफरमध्ये. पॉलिमरची घडण बदलून आवरण विरघळण्याचा पीएच 7 पर्यंत नेता येतो. मोठ्या आतड्याच्या सुजेवरची मेसालामाइनची गोळी त्यामुळेच आतड्याच्या शेवटच्या भागात उघडते.

पँटोप्राझोल आम्लात टिकत नाही. कुटलेल्या गोळीतलं बरंचसं औषध जठरातच नासतं. लवकर गुण कुठून येणार?

दिवसभर हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्यांची रचना वेगळी असते आणि त्या कुटण्यातला धोका याहून मोठा. दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. रक्तदाबावरची अशी निफेडिपिनची गोळी कुटून, रक्तदाबावरच्याच लॅबेटालॉलसोबत नळीतून दिल्यानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद 2003 च्या ‘अ‍ॅनल्स ऑफ फार्माकोथेरपी’त आहे.

शौचात गोळीचं टरफल दिसलं म्हणजे औषध वाया गेलं, असं नाही. काही गोळ्यांतलं औषध झिरपून गेल्यावर रिकामं कवच तसंच बाहेर पडतं. दुधाबरोबर कुठलीही गोळी चालते, हेही खरं नाही: बद्धकोष्ठावरच्या बिसाकोडिलच्या आवरणाला दूध किंवा अँटासिड जठरातच फसवतं, म्हणून त्यांच्यात तासाभराचं अंतर हवं. मधोमध रेघ असलेली गोळी अर्धी करता आली, तरी ती कुटता येतेच असं नाही.

पाकिटावर ईआर, एसआर, एक्सएल (हळूहळू औषध सोडणारी) किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट (आम्लाला दाद न देणारी) असं लिहिलं असेल, तर खलबत्ता बाजूला ठेवा. गिळता येत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तेच औषध पातळ स्वरूपात किंवा दुसऱ्या प्रकारात मिळतं का, ते विचारा.