पाणबुड्याची तलावांतील परीक्षा

समुद्रांत बुडी मारण्याचा नवा सरंजाम हातीं आला, कीं तो घेऊन थेट किनारा गांठावा असें कोणासही वाटेल. जाणता पाणबुड्या मात्र आधीं पोहण्याच्या तलावावर जातो. असें कां, तें आज पाहूं.

पाठीवर हवेचें नळकांडें बांधून बुडी मारण्याच्या या साधनाचा प्राण म्हणजे त्याची झडप. पाणी जितकें खोल, तितका दाब अधिक. दहा मीटर खालीं तो पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. श्वासाची हवाही तितक्याच दाबानें मिळावी लागते. हा तोल झडप सांभाळते. एमील गान्यां व झाक कूस्तो या दोघां फ्रेंचांनीं अशी स्वयंचलित झडप तयार केली, आणि १९४३ च्या जानेवारींत कूस्तो ती घेऊन मार्न नदींत उतरले. आडवें पोहतांना हवा ठीक येई. उभें राहतांच ती भसाभस वाहूं लागे, आणि डोकें खालीं करतांच श्वास जड होई. उच्छ्वास बाहेर पडण्याचें तोंड झडपेपासून दूर होतें. शरीर फिरलें कीं दोहोंच्या खोलींत, व म्हणून दाबांत, फरक पडे. दोन्ही शेजारीं आणल्यावर पॅरिसमधील स्वच्छ पाण्याच्या हौदांत पुन्हा परीक्षा झाली. या वेळीं हवा सर्व स्थितींत सारखी आली. त्यानंतर जूनमध्यें तें यंत्र भूमध्य समुद्रांत उतरलें.

आजही तलावांत हेंच पाहावयाचें असतें: उभें, आडवें, उलटें होऊन श्वास सुखानें येतो का, मुखवट्यांत शिरलेलें पाणी नाकानें फुंकून घालवितां येतें का, तोंडांतून सुटलेली नळी चटकन् हातास लागते का.

पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा सुमारें अडीच भाग जड असतें. तलावांत सामानासह शंभर किलो भरून अधांतरीं स्थिर राहणाऱ्या मनुष्यास मालवणच्या समुद्रांत सुमारें अडीच किलो शिसें अधिक बांधावें लागतें. दुसरें, तलाव उथळ म्हणून निर्धास्त राहूं नये. नळकांड्यांतील हवा छातींत कोंडून वर आल्यास ती प्रसरण पावते व फुफ्फुस फाटूं शकतें. त्यास तलावाची खोलीही पुरते. वर येतांना श्वास रोखूं नये, हा धडा पहिल्याच दिवशीं गिरवावा.

खोल पाण्यांत विचार करावयास फुरसत नसते. हात आपोआप योग्य जागीं गेला पाहिजे. ही संवय लावणारी शाळा म्हणजे तलाव. समुद्र शिकवीत नाहीं. तो परीक्षाच घेतो.