सहवास आणि स्वामित्व
पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्याने सदनिका घेतल्यास स्वामित्व कोणाचे? ‘नांदणे’ या क्रियापदात निवास आहे, मालकी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमानेही विवाहसदृश संबंधातील स्त्रीस सामायिक घरात राहण्याचाच हक्क दिला. मालकी खरेदीखत ठरविते. त्यावर दोघांची नावे असल्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वये, वेगळा करार नसेल तर, ज्याचा जितका पैसा तितका वाटा. पुराव्याअभावी वाटे समान. खरी अडचण मृत्यूनंतरची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील वारसांत सहचरास स्थान नाही. मृत्युपत्र नसेल तर मृताचा हिस्सा नातलगांकडे जातो. दीर्घ सहवासावरून विवाहाचे अनुमान सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मान्य केले खरे. पण ते अनुमान खंडनीय आहे, आणि त्या प्रकरणातील सहवास सुमारे पन्नास वर्षांचा होता.